काळ्या रानातली कामाची बुरशी

पेरणीच्या तोंडावर जालन्याच्या कृषी सेवा केंद्रांत डीएपीची गोणी मिळाली नाही की माणसं कासावीस होतात. या एका खतावर आपला फार भरवसा. पन्नास किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद असतं. रानात पडल्यावर त्यातलं पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला येतं साधारण १५ ते २० टक्के. उरलेलं वाहूनही जात नाही आणि उडूनही जात नाही. आपल्या भरकी आणि भारी काळ्या जमिनींत चुनखडी भरपूर, सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान. खतातलं स्फुरद ओलाव्यात विरघळलं की मातीतला कॅल्शियम त्याला धरून बसतो आणि हळूहळू त्याचं असं संयुग होतं, जे पिकाला सहजी उचलता येत नाही. वर्षानुवर्षं आपण गोण्या टाकतो आणि वर्षानुवर्षं हा साठा वाढत जातो. एकूण हिशेब मांडला तर हेक्टरी शेकडो किलो स्फुरद मातीत असतं, आणि त्याच वेळी मातीच्या ओलाव्यात विरघळलेलं, मुळाला लगेच घेता येईल असं, हेक्टरी एक किलोही सापडत नाही.

शिवाय स्फुरद जागचं हलत नाही. नत्र पाण्याबरोबर मुळाकडे वाहत येतं. स्फुरदापर्यंत मुळालाच जावं लागतं. मुळाभोवतीचं एक-दोन मिलिमीटरचं कडं थोड्याच दिवसांत रिकामं होतं. त्यापलीकडे माल पडलेला असतो, पण मूळ तिथवर पोहोचत नाही. जस्ताचंही तेच. मराठवाड्यात जस्ताची कमतरता इतक्या माती परीक्षण अहवालांत दिसते, त्यामागे हेही एक कारण आहे.

निसर्गानं या अडचणीवर उपाय फार पूर्वीच शोधला. तो म्हणजे बुरशी. बुरशी म्हटलं की आपल्याला हरभऱ्याची मर आणि सोयाबीनची मूळकूज आठवते, त्यामुळे ‘बुरशी टाका’ हा सल्ला शेतकऱ्याला अजूनही थोडा विचित्र वाटतो. पण मायकोरायझा, म्हणजे जुनी माणसं ज्याला ‘व्हॅम’ म्हणतात ती बुरशी, मुळात शिरते आणि मूळ कुजवत नाही. तिचे धागे मुळाच्या आत राहतात आणि मुळाबाहेर मातीत काही सेंटीमीटर लांब पसरतात. पिकाचं केसमूळ साधारण दहा मायक्रॉन जाडीचं असतं. एका मिलिमीटरमध्ये हजार मायक्रॉन. बुरशीचे बारीक धागे दोन-तीन मायक्रॉनचेही असतात. केसमूळ ज्या फटीत शिरू शकत नाही, तिथे हा धागा शिरतो. निरोगी जमिनीच्या एका ग्रॅम मातीत अशा धाग्यांची लांबी काही मीटर भरते. तेवढ्या लांबीची मुळं पिकानं स्वतः वाढवायची म्हटली तर त्याला ते कधीच परवडणार नाही.

बुरशी हे काम फुकट करत नाही. पीक पानांत जेवढी साखर बनवतं, त्यातला सुमारे ४ ते २० टक्के भाग या बुरशीकडे जातो. मुळाच्या सालीतल्या पेशींमध्ये ती अतिशय बारीक फांद्यांची, झुडपासारखी रचना करते. या झुडपाची फांदी न् फांदी पेशीच्या पातळ पडद्याला भिडलेली असते. स्फुरद तिथून पिकाकडे येतं आणि साखर बुरशीकडे जाते. एक झुडूप काही दिवसच टिकतं, मग विरून जातं आणि शेजारच्या पेशीत नवं तयार होतं. २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट समजली. ही बुरशी स्वतःची स्निग्धाम्लं स्वतः बनवूच शकत नाही, तीही तिला पिकाकडूनच मिळतात. म्हणजे पिकाशिवाय तिचं भागत नाही. जिवंत मूळ नसेल तर ती वाढत नाही. पुढे बाजारातल्या पाकिटांबद्दल बोलताना आणि उन्हाळ्यात पडीक राहणाऱ्या रानाबद्दल बोलताना ही गोष्ट पुन्हा लागेल, म्हणून ती लक्षात ठेवावी.

मुळाला आणि बुरशीला एकमेकांचा पत्ता कसा लागतो? या प्रश्नाचं उत्तर शोधताना शास्त्रज्ञांनी जे पाहिलं, त्याचा संबंध थेट आपल्या ज्वारीशी आणि कपाशीशी येतो. ज्वारीचा टारफुला जुन्या शेतकऱ्यांना सांगायला नको. ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचा रस पिणारं हे तण. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं आणि जवळ मूळ आलं की नेमकं तेव्हाच उगवतं. मुळातून कसला तरी इशारा मिळत असणार, हे उघड होतं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तो इशारा देणारं रसायन वेगळं काढलं, आणि गंमत म्हणजे ते सापडलं कपाशीच्या मुळांत. कपाशीवर टारफुला जगतच नाही. मग ज्या शत्रूचा आपल्याशी संबंध नाही, त्याला जागं करणारं रसायन कपाशी कशासाठी बनवते? आणि ज्वारीनं तरी स्वतःच्या शत्रूला निमंत्रण का द्यावं?

हे कोडं जवळजवळ चाळीस वर्षं सुटलं नाही. २००५ मध्ये जपानमधल्या अकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हा इशारा मुळात मायकोरायझासाठी आहे. मुळाला स्फुरद कमी पडलं की ते ही रसायनं मातीत सोडतं. बुरशीच्या धाग्याला त्यांची चाहूल लागली की त्याला भराभर फांद्या फुटतात आणि तो मुळाच्या दिशेनं जातो. टारफुल्यानं काय केलं, तर दोघांमधलं हे बोलणं चोरून ऐकायला शिकला. हलक्या, भुकेल्या रानात टारफुला जास्त का माजतो, तेही यातून कळतं. उपाशी मूळ मोठ्यानं हाक मारतं. आणि याचीच दुसरी बाजू अशी की मुळाशेजारी भरपूर डीएपी असेल तर पीक ही हाक जवळजवळ बंद करतं. साखर खर्च करून बुरशी पाळण्याची त्याला तेव्हा गरज वाटत नाही. म्हणून दरवर्षी माती न तपासता एकरी ठरलेल्या गोण्या टाकणारा शेतकरी खताबरोबर आपल्या रानातली ही यंत्रणाही बंद ठेवत असतो.

ही भागीदारी किती जुनी आहे, ते जालन्याच्या माणसाला पायाखालच्या खडकावरून मोजता येतं. आपली काळी माती ज्या बेसॉल्टपासून झाली, तो दख्खनचा लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. स्कॉटलंडमधल्या राइनी गावाजवळच्या खडकात सापडलेल्या वनस्पतींच्या जीवाश्मांमध्ये याच प्रकारच्या बुरशीची झुडपं स्पष्ट दिसतात, आणि ते जीवाश्म चाळीस कोटी वर्षांहून जुने आहेत. त्या वनस्पतींना खरी मुळंसुद्धा नव्हती. मुळं नंतर आली, बुरशी आधीपासून होती. आज जमिनीवरच्या सुमारे ७० ते ८० टक्के वनस्पती-जातींच्या मुळांत ती आढळते. तूर, मूग, सोयाबीनच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी तर हिच्याच पुण्याईवर उभ्या आहेत. रायझोबियमला मुळात घेताना पीक जी जनुकं वापरतं, त्यांतली अनेक मूळची मायकोरायझाला आत घेण्यासाठीच होती. कडधान्यांनी तीच व्यवस्था पुढे जिवाणूसाठी वापरली.

‘मायकोरायझा’ हे नाव १८८५ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक यांनी दिलं. त्यांना काम दिलं होतं ट्रफल नावाच्या महागड्या भूछत्राची लागवड करून दाखवण्याचं. ती काही जमली नाही, पण वनवृक्षांच्या मुळांभोवतीची बुरशी झाडाला मदत करते, असं त्यांनी ठामपणे मांडलं आणि त्यावरून समकालीनांचा रोषही ओढवून घेतला. पिकांच्या मुळांत राहणारी बुरशी या वनवृक्षांवरच्या बुरशीपेक्षा वेगळी. तिची शेतीतली किंमत पुढे इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रातल्या बार्बरा मॉसे यांच्यासारख्यांनी दाखवली, आणि आपल्याकडे बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात डॉ. डी. जे. बाग्यराज यांनी हे काम रुजवलं.

आता मातीकडे वळू. बुरशीचे धागे मातीचे बारीक कण एकमेकांना बांधून ठेवतात. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सारा राइट यांनी या बुरशीशी संबंधित एक चिकट प्रथिन मातीतून वेगळं केलं, त्याला ग्लोमॅलिन म्हणतात. ते सगळंच बुरशीतून येतं का, यावर अजून वाद आहे. धाग्यांनी माती बांधली जाते यावर मात्र नाही. हे घरच्या घरी पाहता येतं. बांधावरच्या गवताच्या मुळांजवळून सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या, आणि त्याच जमिनीतलं दुसरं, दरवर्षी दोन-तीनदा रोटाव्हेटर फिरणाऱ्या रानातलं. दोन पेल्यांत पाणी घेऊन दोन्ही अलगद सोडा. रानातल्या ढेकळातून बुडबुडे येतात आणि बऱ्याचदा ते काही मिनिटांत फसकन बसून पेल्याच्या तळाशी चिखलाचा थर होतो. बांधावरचं ढेकूळ बराच वेळ आकार धरून राहतं, पाणीही तुलनेनं स्वच्छ राहतं. पहिल्या मोठ्या पावसात रानावर नेमकं हेच होतं. ढेकूळ फुटलं की बारीक कण मातीची छिद्रं बुजवतात, पाणी मुरायच्या ऐवजी वाहतं आणि मागे पापुद्रा राहतो. पापुद्रा धरला की सोयाबीनची उगवण अडकते, हे सगळ्यांनाच माहीत आहे. जिथे वर्षाला साधारण ६५० ते ७५० मिलिमीटर पाऊस आणि तोही खंड घेत घेत पडतो, तिथे प्रत्येक सर मुरणं महत्त्वाचं. कडवंची गावानं पाणलोटाचं काम करून वाहतं पाणी शिवारात अडवलं आणि द्राक्षबागा उभ्या केल्या, हे सगळा महाराष्ट्र जाणतो. मातीच्या ढेकळात पाणी अडवण्याचं काम मात्र बुलडोझरला जमणारं नाही. ते मुळं आणि बुरशीच करतात.

माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट बाजारात मिळत नाही. मायकोरायझा तुमच्या रानात आधीपासून आहे. प्रश्न आहे तो तिला उपाशी ठेवण्याचा आणि तोडण्याचा.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या डार्लिंग डाउन्स भागात आपल्यासारखीच, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन आहे. तिथल्या शेतकऱ्यांना एक विचित्र अनुभव यायचा. दुष्काळामुळे वर्षभर किंवा त्याहून जास्त पडीक राहिलेल्या रानात पुढचं पीक जोमात यायला हवं; जमिनीला विश्रांती मिळाली, ओल साठली. प्रत्यक्षात सूर्यफूल, जवस, मका, हरभरा खुरटायचे, पिवळे पडायचे. माती तपासली तर स्फुरद, जस्त ठीकठाक. १९८०च्या दशकात जॉन थॉम्पसन यांनी याचं कारण दाखवलं. एवढ्या काळात रानात जिवंत मूळ नव्हतं, त्यामुळे मायकोरायझा घटत गेली, आणि नव्या पिकाला समोरचं स्फुरदही उचलता आलं नाही.

आता आपल्या जिल्ह्यातली रानं डोळ्यांपुढे आणा. भोकरदनपासून मंठ्यापर्यंत ज्वारी-बाजरी मागे पडली, सोयाबीन आणि कपाशी पुढे आली. नुसतं सोयाबीन ऑक्टोबरात निघालं आणि रब्बीला पाणी नसलं, की पुढे मृगापर्यंत आठ महिने त्या रानात जिवंत मूळ नाही. वरून उन्हाळी नांगरट आणि ४०-४२ अंशांचं ऊन. एका वर्षात बुरशी संपत नाही. तिचे बीजाणू आणि मुळांच्या वाळक्या तुकड्यांतले धागे तग धरतात. पण दरवर्षी हेच केलं तर ती कमी कमी होत जाणारच. म्हणून सोयाबीनमधल्या तुरीच्या ओळींकडे मी नुसतं जोडउत्पन्न म्हणून पाहत नाही. सोयाबीन निघाल्यावर दोन-तीन महिने तूर रानात उभी असते, खोल मुळांनी साखर खाली पाठवत असते आणि बुरशी जिवंत ठेवते. बदनापूरच्या संशोधन केंद्रानं बीडीएन ७११ सारखे तुरीचे वाण दिले, ते उत्पादनासाठी. मातीखालचं हे काम त्या पिकाच्या अंगभूतच आहे.

फेरपालटीत आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. मोहरी, कोबी, फुलकोबी, पालक, बीट या पिकांच्या मुळांत ही बुरशी राहत नाही. ती घेऊ नयेत असं नाही, पण कोबी निघाल्यावर लगेच कांदा लावणं टाळावं. कांद्याला केसमुळं फारच कमी, त्यामुळे त्याची या बुरशीवर भिस्त मोठी. मध्ये मका, ज्वारी किंवा मूग घ्यावा. मुगाचा बेवड चांगला असं आपण म्हणतो, त्यात नत्राबरोबर या बुरशीचाही वाटा असतो.

नांगरटीबाबत मी टोकाची भूमिका घेणार नाही. बोंडअळीचे कोष उघडे पाडायला, हरळी-कुंद्यासारखी तणं मोडायला नांगर लागतो. पण दरवर्षी खोल नांगरट आणि वर रोटाव्हेटरनं मातीचा भुगा, याची गरज किती रानांना असते? धाग्यांचं जाळं अखंड राहिलं तर पुढच्या पिकाच्या रोपाला ते पहिल्याच आठवड्यांत आयतं मिळतं. तोडलं तर रोपाला स्वतः नव्यानं सुरुवात करावी लागते, आणि स्फुरदाची खरी गरज नेमकी त्याच आठवड्यांत असते. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं एसआरटी तंत्र कायमस्वरूपी गादीवाफे ठेवून मागच्या पिकाची मुळं जमिनीतच राहू देतं. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर तर कित्येक वर्षं विनानांगरणीची बाजू मांडत आले आहेत. एसआरटीतल्या तणनाशकाच्या वापरावर मतभेद आहेत आणि ते रास्तही आहेत. मुळं जमिनीत राहू देण्याचा मुद्दा मात्र दोघांचाही भक्कम आहे.

मोसंबीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण भौगोलिक मानांकन मिळालेलं हे जालन्याचं वैभव या बुरशीवर विलक्षण अवलंबून आहे. लिंबूवर्गीय झाडांना केसमुळं थोडी आणि आखूड असतात. अमेरिकेतल्या लिंबूवर्गीय रोपवाटिकांत रोगजंतू मारण्यासाठी वाफ्यांना विषारी वायूची धुरी द्यायचे. रोग गेले, पण रोपं खुरटायला लागली. लोकांना वाटलं की वायूचा काही अंश मातीत राहत असावा. १९७२ मध्ये क्लाइनश्मिट आणि गेर्डेमान यांनी दाखवलं की मातीत विष राहिलेलं नव्हतं, मायकोरायझा मेली होती. ती परत दिली की तीच रोपं जोमानं वाढली.

आपल्या बागायतदारानं यातून घ्यायचं ते असं. रंगपूर किंवा जंबेरीच्या खुंटाची रोपं पिशवीत वाढवताना माती निर्जंतुक केली असेल तर तिथे बुरशी देणं खरोखर उपयोगी पडतं. रोप लहान, मूळ कोवळं आणि खर्च नगण्य. उभ्या बागेत मात्र वरून पाकीट ओतण्यापेक्षा आहे त्या बुरशीला जपणं मोलाचं. आळ्यात सतत पाणी साचून वाफसा मोडला तर पांढरी मुळी काळी पडते आणि बुरशीही गुदमरते, कारण तिलाही हवा लागते. बुरशीनाशकांतही फरक करावा. कार्बेन्डाझिमची आळवणी मायकोरायझाला घातक ठरते. डिंक्या रोगासाठी वापरली जाणारी मेटालॅक्झिल आणि फोसेटिल ही औषधं वेगळ्या प्रकारच्या जीवावर काम करतात. त्यांचा हिला फारसा त्रास होत नाही असं आढळलं आहे. तेव्हा ‘सगळ्यालाच लागू’ म्हणून कार्बेन्डाझिम ओतण्याची सवय सोडावी. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर जळाल्या. त्या बागा बुरशीनं वाचल्या असत्या असं म्हणणं खोटं ठरेल. विहिरीतच पाणी नव्हतं. पण माती वाळून आकसते आणि मुळापासून सुटते, तेव्हा मधली बारीक पोकळी हे धागे ओलांडतात. बहार धरताना दिलेला ताण झाड किती सोसतं, यात त्याचा वाटा आहे.

राहिलं बाजारातलं पाकीट. पहिला घोटाळा नावांचा. ट्रायकोडर्मा, स्फुरद विरघळवणारे जिवाणू आणि मायकोरायझा या तिन्ही गोष्टी दुकानात एकाच फळीवर असतात आणि शेतकऱ्याच्या बोलण्यात एकच होऊन जातात. ट्रायकोडर्मा शेणखतावर, मेलेल्या काडीकचऱ्यावर जगते, रोगट बुरशीला खाते. ती वाढवता येते. परभणी विद्यापीठाचं बायोमिक्स प्रामुख्यानं अशा मुक्तपणे जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचं आहे आणि त्याची जागा त्याला आहेच. मायकोरायझा मात्र जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. दोनशे लिटरच्या टाकीत गूळ, बेसन घालून मायकोरायझा ‘मल्टिप्लाय’ करण्याची कृती मोबाइलवर फिरते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. त्या टाकीत दुसरे जीव वाढतात, मायकोरायझा नाही. कंपन्यांनाही ती कुंडीतल्या मका-ज्वारीच्या मुळांवर वाढवावी लागते, किंवा प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या गाजराच्या मुळांवर. दिल्लीच्या टेरी संस्थेनं ही दुसरी पद्धत भारतात मोठ्या प्रमाणावर बसवली.

दुसरी अडचण दर्जाची. खत नियंत्रण आदेशात मायकोरायझासाठी जिवंत घटकांची आणि मुळात शिरण्याच्या क्षमतेची किमान मर्यादा घालून दिलेली आहे, तेव्हा पाकिटावर हे आकडे आणि तारीख नसेल तर ते घेऊ नये. घेतलेलं पाकीट उन्हात, पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. तरीही फायदा होईलच असं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या ५४ मका-रानांवरच्या प्रयोगात मायकोरायझा दिल्यावर वाढीतला फरक उणे १२ टक्क्यांपासून अधिक ४० टक्क्यांपर्यंत मिळाला. कुठे फायदा होणार, ते मातीत आधीपासून असलेल्या रोगकारक बुरशींवरून बरंचसं आधीच सांगता आलं. जिथे रोगाचा दाब जास्त, तिथे ही बुरशी जास्त कामाला आली. म्हणजे एकच पाकीट एका रानात सोनं करतं आणि शेजारच्या रानात वाया जातं.

मग पैसे कुठे घालावेत? जिथे बुरशी नाहीच, तिथे. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात जी मिरची येते, तिची रोपं आता कोकोपीटच्या ट्रेमध्ये वाढतात. जालन्याभोवतालच्या शेडनेटमधल्या बीजोत्पादनाच्या प्लॉटांची रोपंही तशीच. कोकोपीटमध्ये मायकोरायझा जवळजवळ नसतेच. ट्रे भरतानाच मिश्रणात ती मिसळली तर दाणा उगवल्याबरोबर मूळ तिला भेटतं, खर्चही थोडका, आणि रोप रानात जातं ते तिला सोबत घेऊनच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केल्यापासून बियाण्याच्या बाबतीत या शहराचं नाव देशभर झालं. इथल्या रोपवाटिकांनी मुळाकडेही तेवढंच लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं. दुसरी जागा म्हणजे टिश्यूकल्चरची केळी, डाळिंब. तिसरी, सपाटीकरणात वरची माती निघून गेलेलं किंवा तलावातला गाळ जाड थरानं टाकलेलं रान. वर्षानुवर्षं पाण्याखाली राहिलेल्या गाळात मुळं नसतात, मग बुरशी कुठून येणार? अशा रानात पहिलं पीक ज्वारी, बाजरी किंवा मका घ्यावं. देण्याचं तत्त्व एकच, ती थेट मुळाशी पोहोचावी: बियाला चोळून, रोपाच्या मुळाला लावून किंवा खड्ड्यात मुळाखाली. फेकून दिलेली बुरशी मुळापर्यंत चालत जात नाही.

घरी वाढवायची असेल तर तमिळनाडू कृषी विद्यापीठाची पद्धत सोपी आहे. एक मीटर लांब-रुंद आणि फूटभर खोल खड्डा, तळाला प्लास्टिक, त्यात व्हर्मिक्युलाइट आणि थोडी निर्जंतुक माती, वरून खात्रीच्या मायकोरायझाचा पातळ थर आणि त्यावर मका. खत अगदी नावाला. दोन महिन्यांनी मका कापायचा, मुळं बारीक तोडून त्याच मिश्रणात कालवायची. मोसंबीच्या रोपांसाठी हे करताना जुन्या बागेतली माती मात्र अजिबात वापरू नये, नाहीतर सूत्रकृमी आणि डिंक्या दोन्ही नव्या बागेत जातील.

पाकीट चाललं की नाही, हे पिकाच्या काळोखीवरून ओळखू नये. काही ओळी देऊन आणि शेजारच्या काही तशाच सोडून, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दोन्हींकडची मुळं खुरप्यानं अलगद काढावीत आणि बारीक पांढरी मुळी जवळच्या विज्ञान महाविद्यालयात न्यावी. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात कुठे तपासता येईल याची विचारणा करता येईल. लागणारं सामान साधं आहे. मुळं १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम केली की काचेसारखी पारदर्शक होतात. हे द्रावण हात भाजतं, त्यामुळे ते काम प्रयोगशाळेतच व्हावं. मग व्हिनेगरमध्ये फाउंटन पेनची काळी शाई पाच टक्के घालून तीन मिनिटं उकळायची आणि धुवायची. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली ही शाईची पद्धत महागड्या रंगाइतकीच चांगली ठरली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या फिक्या पेशींमधून धावणारे गडद धागे, मध्ये मध्ये लंबगोल फुगे आणि पेशीभर पसरलेली ती बारीक झुडपं दिसली, तर बुरशी मुळात बसली आहे. दोन्हींकडची मुळं सारखीच भरलेली दिसली तर आनंदच मानावा: रानातली बुरशी शाबूत आहे, आणि पुढच्या वर्षी त्या रानासाठी पाकीट घ्यायची गरज नाही.